एका उडीची फेरमोजणी

मी पंधरा सेंटीमीटर खोटे बोललो आणि ते वर्षभर लपवून ठेवले.

ऐकणाऱ्याला हे फारसे वाटणार नाही. एक वीतही भरत नाही. परंतु मी तीस वर्षे शेतजमिनींची मोजणी केलेला मनुष्य. अणदूरमध्ये मला नावाने कोणी हाक मारत नाही, 'मोजणीसाहेब' म्हणतात. एवढ्याशा बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले नाहीत, हे मी पाहिलेले आहे. पंधरा सेंटीमीटर म्हणजे काय, हे मला तरी ठाऊक असायला हवे होते!

शाळेचे खेळाचे सर एके संध्याकाळी घरी आले. मुलींच्या व्हॉलीबॉल संघात नेटजवळ उभी राहणारी एक मुलगी त्यांना निवडायची होती. एक माझी वैष्णवी, दुसरी युसूफभाईंची शबाना.

"साहेब, म्या ठरवलं तर गावात बोंब हुईल. दोघींची उडी तुम्हीच मोजा. तुम्ही मोजल्यावर कोण बोलतंय?"

(माझीच मुलगी उमेदवार आणि मीच मोजणीदार! यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. मलाही नाही.)

सरांनी माझ्या मोबाईलवर एक ॲप घालून दिले. उडीचे संथ चित्रण करायचे. मग पाय जमिनीवरून सुटले तो क्षण आणि पुन्हा टेकले तो क्षण, असे दोन क्षण बोटाने दाखवायचे. पाय किती वेळ हवेत होते त्यावरून ॲप उंची सांगते. साखळी नको, खुंट नको.

चित्रण जमिनीलगत करावे लागते, म्हणून मी अंगणात पालथा पडलो. पोटामुळे माझे डोके व पाय अधांतरी राहिले.

"अहो, उठा!" सौभाग्यवती ओरडल्या. "लोकास्नी वाटंल चक्कर आली!"

वैष्णवीने उडी घेतली. तिच्या टाचा उचललेल्या दिसताच मी "सुटले!" म्हणून बोट दाबले. एक्कावन्न सेंटीमीटर! सौभाग्यवतींनी तत्काळ माहेरी फोन केला. सरांना आकडा कळवला, तेव्हा तेही म्हणाले, "एक्कावन्न? लई झालं!"

हा आनंद अर्धा तास टिकला. आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, कट्ट्यावर बसून पाहत होती. वय अडुसष्ट. आमच्या घराला दोन पायऱ्या आहेत. अक्का प्रत्येकीवर विसावा घेते.

"बाळू, माझीबी मोज की रं."

"अक्का, गुडघे..."

"गुडघे माझे हायेत. तू मोबाईल धर."

तिने पदर खोचला, खंडोबाचे नाव घेतले आणि उडी मारली. उडी हा शब्द मी आदरापोटी वापरतो; तिच्या पायाखाली मुंगी असती, तर तिलाही निसटता आले नसते. ॲपने सांगितले, एकोणचाळीस!

"बघ!" अक्का धापा टाकत म्हणाली. "मला येळंवर कुणी शाळंत घातलं असतं तर!"

मी घरात जाऊन चष्मा लावला आणि सूचना वाचल्या. टाचा उचलल्या म्हणजे पाय सुटले असे नव्हे. चवडे सुटले पाहिजेत. अक्काच्या टाचा सावकाश उठल्या होत्या आणि चवड्यांनी त्यानंतर पुष्कळ विचार केला होता. त्या विचाराचीही उंची मी धरली होती! मी दार लोटून घेऊन दोन्ही चित्रणे पुन्हा मोजली. अक्का, तीन. वैष्णवी, छत्तीस.

दोन दिवसांनी सकाळी शबाना आली. मी नियमाप्रमाणे, चवडे पाहून, अगदी काटेकोर मोजले. एक्केचाळीस.

त्या क्षणी एक वाक्य बोलायचे होते: वैष्णवीची उडी छत्तीसच. वैष्णवी शेजारी बसून बुटांच्या नाड्या ओवत होती, आणि माहेरच्यांनी बुटांसाठीच पैसे पाठवले होते. मी म्हणालो, "शबाना, एक्केचाळीस."

"काका, परत एकदा उडू का?"

"मोजणी एकदाच होते, बेटा."

(मोजणी मान्य नसेल तर फेरमोजणी मागता येते, हे मी तीस वर्षे प्रत्येक शेतकऱ्याला बांधावर उभे राहून सांगत आलो आहे.)

दुपारी युसूफभाई भेटले. माझ्याच मोजणीत पूर्वी त्यांची दोन हात जमीन शेजाऱ्याकडे गेली होती. "साहेब, तवा म्या काय बोललो का? आत्ताबी न्हाय. तुम्ही मोजलं म्हणल्यावर विषय खलास!"

तुळजापूरच्या सामन्यात सरांनी वैष्णवीला एक्कावन्नच्या हिशेबाने उंच चेंडू देवविले. ती उडे, चेंडू नेटमध्ये. पुन्हा उडे, पुन्हा नेटमध्ये. शबाना कडेला पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती. आणि मी काय केले? खिशातून टेप काढली, थेट नेटपाशी गेलो आणि नेट उंच बांधल्याची हरकत घेतली! सर्वांसमक्ष मोजले. नेट तंतोतंत बरोबर होते.

पंच म्हणाले, "साहेब, समाधान झालं का? बसा आता."

परतताना वैष्णवी रडत होती. "पप्पा, मी एक्कावन्न उडते ना? मग असं कसं?"

"वारा होता," मी म्हणालो. (सामना बंद सभागृहात झाला होता.)

वर्ष गेले. यंदा निवडीच्या यादीत शबानाचे नावच नव्हते. मी युसूफभाईंना विचारले.

"सोडला तिनं खेळ. म्हणते, काकांनी मोजलंय, मी दहानं कमी हाय. आता काय उपेग?" त्यांच्या स्वरात तक्रार अजिबात नव्हती. असती तर मी त्या दिवशी जेवलो असतो.

संध्याकाळी मी प्रथम वैष्णवीला सारे सांगितले.

"म्हणजे मी वर्षभर उगीच स्वतःला शिव्या देत होते?"

तिने माझा मोबाईल उचलला. "चला. आत्ता."

युसूफभाईंच्या दारात सगळे घर गोळा झाले. वाटेत मी वाक्ये जुळवून ठेवली होती. घसा साफ करून मी सुरुवात केली, "सदर मोजणीच्या कामी माझ्याकडून काही त्रुटी राहून गेल्या असून, त्या अनुषंगाने संबंधितांस..."

शबाना घाबरून वडिलांकडे वळली. "अब्बा, आपल्या शेताचं परत काय निघालं का?"

"आता कुठलं गेलं, साहेब?" युसूफभाईंनी विचारले. ते याही वेळी मान्य करण्याच्या तयारीत होते!

वैष्णवीने मला कोपराने ढोसले. ज्या बोलीला मी तीस वर्षे कागदाच्या आसपास फिरकू दिले नव्हते, तीच तोंडात आली.

"शबाना, पोरी, शेताचं न्हाय, उडीचं. म्या खोटं मोजलं. जाणूनबुजून. तूच उंच उडत हुतीस. माझं चुकलं, मला माफ कर."