सुभेदार सरांचे पालक

रिटायर झाल्यापासून जो तो म्हणतो, पीटी सर, स्टाफरूमचे किस्से सांगा. भिया, स्टाफरूममध्ये काय असतं? चहा आणि चुगल्या. खरे किस्से साठतात इंदूरच्या सरकारी दवाखान्यात, एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत. तिथं दर महिन्याला जायचं, मोबाइलमध्ये तोंड घालून माणूस किती वेळ बसणार? मी अकरावी दोनदा करून शिट्टीच्या जोरावर मास्तर झालेलो, मला तर गप्प बसताच येत नाही. हे दुखणं मला कुठून लागलं ते विचारू नका, बायकोनं विचारून झालंय.

गोळी सरकार फुकट देतं. पण मास्तराला ती घेताना कोणी बघितलं, तर शाळेत त्याच्या कपाला कोणी हात लावणार नाही. म्हणून ही सगळी कसरत. ह्यातले बरेचसे किस्से माझ्या फजितीचे, उरलेले सुभेदार सरांच्या जिवावर बेतलेले.

*

पहिल्यांदा गेलो तेव्हा मे महिना. तोंडाला मफलर, डोळ्यांना गॉगल, वर हेल्मेट. गार्डला वाटलं, मोबाइल चोरायला आलाय. "भिया, पहले मुँह दिखाओ," म्हणून गेटवरच धरलं. कसाबसा सुटून रांगेत उभा राहिलो, तर पुढच्या बाई वळून म्हणाल्या, "नमस्ते पीटी सर."

ओळखत होत्या का? मुळीच नाही. गळ्यात शिट्टी तशीच लटकत होती.

*

घाबरून ठरवलं, इंदूर नको, उज्जैनला नाव घालू. बसमध्ये चढलो तर खिडकीशी आमच्याच शाळेचे गणिताचे सुभेदार सर. राजेंद्र नगरचे, कडक इस्त्री, खिशाला दोन पेन.

"कुठे सर?"

"महाकालच्या दर्शनाला. तुम्ही?"

"मी पण."

आता काय करता? दोघंही दर्शनाच्या रांगेत. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ते म्हणाले, छे छे, तुम्ही. हार झाला, प्रसाद झाला. शेवटी नमस्कार करून दोन दिशांना पांगलो, आणि थोड्याच वेळात कपाळावर चंदनाचे पट्टे ओढलेले दोन मास्तर एकाच दवाखान्यातल्या एकाच बाकावर.

सरांनी रुमाल काढून कपाळावरचं चंदन पुसलं. मग म्हणाले, "परतीचं तिकीट एकत्रच काढू."

त्यानंतर दोघांनी गुमान इंदूरलाच नाव घातलं. तिथं बघतो तर लांब गौतमपुरा गावच्या शाळेतल्या मॅडम! त्या तोंड लपवायला इंदूरला यायच्या.

*

गोळी शाळेत लपवायची कुठे? मी हाजम्याच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली. भिया, इंदूरमध्ये ही अक्कल! सकाळी पोहे-जलेबी, दुपारी कचोरी, वर शेव. पूर्ण स्टाफचं पोट कायम तट्ट. रोज कोणी ना कोणी हात पुढे करायचं, पीटी सर, एक द्या ना. मी डबी छातीशी धरून मैदानाकडे पळायचो.

माझ्या निरोपसमारंभात प्रिन्सिपल बोलले की सर फार दिलदार माणूस, फक्त हाजम्याचं सोडून.

*

दवाखान्यात गोळ्यांची बाटली परत दाखवावी लागते. काउन्सेलर निकिता मॅडम, आपल्याच मराठी घरातली पोर, उरलेल्या गोळ्या मोजते. त्यावरून रोज घेतली की नाही ते कळतं. सुभेदार सर बुडवायचे. घरी पाहुणे होते, शाळेत कोणी बघत होतं. मग मोजणीच्या सकाळी जादा गोळ्या बेसिनमध्ये! वर्षभर पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस.

एकदा जरा जास्तच फेकल्या गेल्या. मॅडमनी मोजलं, पुन्हा मोजलं. "सर, तुम्ही तर उद्याच्या पण खाऊन आलात."

गणिताचे मास्तर! मी बाकावरून पडायचा राहिलो. सर मात्र सुकत चालले होते.

*

मग औषधाच्या खिडकीत नवा फार्मासिस्ट आला, तो निघाला सरांचा जुना विद्यार्थी. सरांनी येणंच बंद केलं. पँट पट्ट्यात गोळा व्हायला लागली, जिना चढताना धाप. मी घरी जाऊन सांगितलं की मराल. म्हणाले, मरेन, पण त्याच्यापुढे हात पसरणार नाही.

तर मी आपली विद्या वापरली. थाप मारली की त्याची बदली झाली. सर आले, खिडकीत बघतात तर तोच. सरांना बघून तो ताडकन उभा राहिला. सगळी रांग वळून बघायला लागली.

सरांच्या तोंडून सवयीनं निघालं, "बस."

तो बसला.

*

इतका खंड पडला म्हणून निकिता मॅडमनी अट घातली, पुढच्या वेळी घरचं कोणी बरोबर आणा. म्हणजे पालक! सरांच्या घरी फक्त आई, आणि तिला काहीच ठाऊक नाही. तर वर्गातली पोरं करतात तेच सरांनी केलं, उसना पालक आणला. मी नवी टोपी घातली, खर्जात बोललो, "मी ह्याचा मोठा भाऊ."

मॅडमनी मान वर केली. "बसा दादा. तुमची बाटली पण द्या, लगे हाथ तीही मोजते."

मग जरा आवाज चढवून सरांना म्हणाल्या, असंच चाललं तर ह्या गोळ्या लागू पडायच्या बंद होतील, मग माझ्या हातात काही राहणार नाही. त्या दिवशी घरी जाताना मला पण काही विनोद सुचला नाही.

*

पुढच्या खेपेला सर आईला घेऊन आले. ऐंशीच्या पुढची बाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सरांचं मनगट. सरांनी तिला काय सांगितलं, किती सांगितलं, मी विचारलं नाही. मॅडमनी कानाशी जाऊन समजावलं, रोज एक गोळी, बुडवली तर जिवाशी गाठ आहे. आजींनी सगळं ऐकलं. मग वळून मुलाकडे बघितलं. सर दाराशी उभे होते, हात मागे बांधून, मान खाली.

आजींनी निकिता मॅडमचे दोन्ही हात धरले.

"मॅडम, मारा त्याला, बाहेर उभा करा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पटावरून त्याचं नाव काटू नका."