बाहेरून लावलेलं दार

बाई कविता म्हणायच्या त्या कुजबुजून. समोर एकच माणूस असो की दहा, त्यांचा आवाज कधी वर गेला नाही. ऐकणाऱ्याला पुढे झुकावं लागायचं, आणि झुकलं की कुणीतरी फक्त आपल्यालाच काही सांगतंय असं वाटायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ज्यांनी ह्या लिहिल्या त्यांना मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. आपण कशाला त्यांचा आवाज बदलायचा?"

त्या कविता ज्यूंच्या होत्या. युरोपात ज्यांना राहत्या घरांतून काढून भिंतीआडच्या वस्त्यांत कोंडलं, आणि मग छावण्यांत नेलं, त्यांच्यातल्या लिहित्या माणसांच्या. काहींची नावं राहिली, बऱ्याच जणांची तीही राहिली नाहीत. बाई त्या इंग्रजीतून वाचायच्या आणि मराठीत आणायच्या. त्या स्वतः बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, रेवदंड्याच्या. तिथल्या शाळेत त्यांनी उभा जन्म मराठी शिकवलं. यजमान गेल्यावर सिंगापूरला मुलाकडे आल्या. मुलगा नोव्हेना भागातल्या एका इस्पितळात डॉक्टर. त्यांचा फ्लॅट आमच्याच कॉन्डोत, शेजारच्या ब्लॉकमध्ये. त्यांना सगळे बाईच म्हणत, मीसुद्धा.

आमची ओळख झाली ती पोहण्याच्या तलावाजवळ. मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत काम करते. एमआरटीच्या गाडीनं घरी येईपर्यंत दिवेलागण झालेली असते. त्या संध्याकाळी तलावातल्या दिव्यांचा निळा उजेड वरच्या मोठ्या झाडाच्या पानांवर हलत होता आणि झाडाखालच्या बाकावरून मराठी ऐकू येत होतं. पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई डोळे मिटून स्वतःशीच बोलत होत्या. मी थबकले. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "पुण्याची का?" चपलांच्या आवाजावरून त्यांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. मी त्यांच्या शेजारी बसले, ती पुढची कितीतरी वर्षं बसतच राहिले.

मला सुरुवातीला एक कोडं पडायचं. कोकणात बेने इस्रायल लोकांना कुणी छळलं नव्हतं. तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी काम बंद ठेवणारी, म्हणून शनवारतेली म्हणवली गेलेली ही माणसं. घरच्या मंगलकार्यात मलिदा करणारी आणि घरात मराठीच बोलणारी. मग ज्या दुःखाची झळ लागली नाही ते बाई का उकरत बसतात? एकदा धीर करून विचारलं.  त्या म्हणाल्या, "या कविता ज्या भाषांत लिहिल्या गेल्या, त्या भाषांत त्या माणसांना शिव्या दिल्या गेल्या, हुकूम सोडले गेले, गाडीत चढवलं गेलं. मराठीत आम्हाला तसं कुणी काही बोललं नाही. म्हटलं, त्यांना आपल्या ओसरीवर आणून बसवावं. घटकाभर तरी भीती न वाटता बसतील."

त्या कविता रडवणाऱ्या असतील असं मला वाटलं होतं. तशा त्या नव्हत्या. एक कविता होती कारखान्यात जुंपलेल्या बाईची. तिच्याकडून सैनिकांच्या कोटांना गुंड्या लावून घेतात. ती प्रत्येक गुंडी किंचित सैल टाचते आणि मनाशी बर्फाला सांगते, माझं काम मी केलं, आता तुझं तू बघ. दुसरी एका मास्तरांची. कोंडलेल्या वस्तीतल्या तळघरात ते मुलांना नद्या शिकवतात आणि मुलं बोटांनी भिंतीवर नद्या रेखत समुद्रापर्यंत जातात. हे ऐकवताना बाईंच्या चेहऱ्यावर मिस्कील हसू यायचं. "रडणं त्यांनी आपल्यावर सोडलंय," त्या म्हणायच्या. "ते स्वतः मात्र चिडवतायत. ज्यानं कुलूप लावलं त्याला चिडवणं हीसुद्धा लढाईच की."

शब्दाच्या बाबतीत त्या फार चिवट. एका मुलीची कविता त्यांच्याकडे कित्येक महिने अडून होती. तिला मोठं काही नको असतं. कुणाला न विचारता कोपऱ्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं, एवढंच हवं असतं. त्या हवेपणाला शब्द काय द्यायचा? 'स्वातंत्र्य' बाईंनी केव्हाच खोडला होता. तो झेंड्याचा शब्द, त्या पोरीच्या अंगाला मोठा होतो, असं त्यांचं म्हणणं. 'सुटका' लिहिला, तोही पटेना. शनिवारी त्या लेखणीला हात लावत नसत, पण मनात शब्द फिरवणं चालूच असायचं आणि रविवारी मला त्याचा हिशेब मिळायचा. एकदा दुपारी त्यांनी मला ऑफिसात फोन केला, संध्याकाळी येतेस का म्हणून. मी म्हटलं, मीटिंग संपली की मोकळी होते, मग येते.  बाई हळूच म्हणाल्या, "काय म्हणालीस? परत म्हण." संध्याकाळी पाहते तर कविता पुरी झाली होती. शेवटच्या ओळीतली मुलगी कोपऱ्यापर्यंत चालत जाते आणि मोकळी होते. मोकळे केस, मोकळं रान, बाळंतीण मोकळी होते, तीही त्यात आलीच, असं सांगताना बाईंचा चेहरा उजळला होता.

मग आमच्या मराठी मंडळींच्या कवितावाचनात त्यांनी वाचावं असं ठरलं. कार्यक्रम ठरवणाऱ्या गृहस्थांनी अदबीनं सुचवलं की सध्या जगात जे चाललंय ते बघता दुसरं काहीतरी, समुद्रावरचं वगैरे, वाचता आलं तर बरं. बाईंच्या मुलाचं म्हणणं त्याहून कडक होतं. त्याच्या प्रार्थनामंदिराच्या दारात पहारा असतो, पिशव्या तपासूनच आत सोडतात. आईनं चारचौघांत या विषयाला हात घालू नये असं त्याला मनापासून वाटत होतं. एरवी मुलापुढे नमतं घेणाऱ्या बाई या वेळी नमल्या नाहीत.

त्यांनी गुंड्यांची कविता वाचली आणि त्या मुलीचीही. कुजबुजूनच. माइकमुळे ती कुजबुज सभागृहभर पसरली आणि कुठून येतेय ते कळेनासं झालं. पाण्याखाली बसून कुणाचं बोलणं ऐकावं तसं वाटत होतं. वाचन संपलं तेव्हा माझी मुलगी उठून उभी राहिली. ती इथंच वाढलेली, मराठी समजते पण बोलताना इंग्रजीचा आधार लागतो. तिनं विचारलं, "बाई, व्हेरी ब्यूटिफुल. बट आज तर दुसरेच लोक आत कोंडलेत, राइट? त्यांचं काय?"

 पहिल्या रांगेत बाईंचा मुलगा, डॉक्टर, मान खाली घालून बसला होता. बाई माइकपासून जराही दूर झाल्या नाहीत.

"मी कविता एवढ्यासाठी वाचते, की दार बाहेरून लावलं की आत कसं वाटतं ते मला कळावं," त्या म्हणाल्या. "ते कळल्यावर आत कोण आहे हे मी विचारू शकत नाही. आणि दार माझ्या माणसांनी लावलं असेल, तर मला ते आधी दिसायला हवं."

डॉक्टर उठून बाहेर गेला. टाळ्या थोड्या वाजल्या, उशिरा वाजल्या. पुढे बरेच दिवस मायलेकांत कामापुरतंच बोलणं होतं. बाईंनी तक्रार केली नाही. शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावताना तो शेजारी येऊन उभा राहतो, तेवढं पुरे आहे, असं एकदा म्हणाल्या.

वाचनाच्याच संध्याकाळी चहाच्या वेळी एक उंच माणूस बाईंपुढे येऊन उभा राहिला होता. नाव गायकवाड. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनियर, मूळचा सोलापूरकडचा. तो सांगत होता की त्याचे आजोबा जलशात गायचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं ती गाणी ऐकायला कंदील घेऊन कोसभर चालत यायची. गुंडीची कविता ऐकताना त्याला आजोबांची आठवण झाली. बाईंनी त्याला तिथंच गायला लावलं असतं, पण तो लाजला.

पुढच्या रविवारी तो आमच्या बाकावर आला आणि लाज विसरला. त्याचा आवाज तलाव ओलांडून पलीकडच्या ब्लॉकपर्यंत जायचा. वॉचमन अंकल समज द्यायला आले ते झाडाला टेकून ऐकत राहिले. गायकवाडचं बाईंशी एकाच गोष्टीवरून वाजायचं. त्याच्या मते असली गाणी ओरडूनच म्हणायला हवीत. बाई म्हणायच्या, "तुमच्या आजोबांसमोर अख्खी वस्ती बसलेली होती. माझ्या कवितेतल्या पोरीसमोर भिंत होती." पण एकदा त्यांनी त्याच्या हट्टाखातर गुंड्यांची कविता मोठ्यानं म्हणून पाहिली. आवाज चिरकला, ठसका लागला, आणि त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. शाळेतली अवखळ मुलगी हसावी तसं. मी त्यांना तेवढं हसताना पुन्हा पाहिलं नाही.

त्यानंतर त्या थकत गेल्या. हृदयाचं दुखणं जुनंच होतं. मुलाच्याच इस्पितळात ठेवलं. भेटायला गेले की डॉक्टर कधी पलंगाशी बसलेला असायचा, हातात फोन, आईला काहीतरी वाचून दाखवत असलेला. मला पाहून थांबायचा. मी विचारलं नाही. एका सकाळी त्याचा निरोप आला. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं लगेच झालं. हिब्रूतली प्रार्थना संपल्यावर आम्हीही ओंजळीनं माती घातली. गायकवाड कामाला नेणारी कंपनीची बस सोडून आला होता.

त्यांच्या घरातले दुःखाचे सात दिवस झाले, आणि नंतरच्या रविवारी डॉक्टर बाकावर आला. आमच्याबरोबर तो कधीच बसला नव्हता. त्यानं फोन पुढे केला. पडद्यावर एक इंग्रजी कविता होती. लिहिणारी बाई अजून जिवंत आहे की नाही ते माहीत नाही, असं तो म्हणाला. ती ज्यू नव्हती, आज आत कोंडलेल्यांतली होती. कुठल्या शहरातली, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हाला सांगायची गरज नव्हती.

"शेवटच्या आठवड्यात आईनं मला हिच्या कविता शोधायला लावल्या," तो म्हणाला. "मी वाचायचो, ती मराठीत सांगायची. ही अर्धी राहिली."

सांगितलेल्या ओळी त्यानं म्हणून दाखवल्या. गायकवाडनं पुढची ओळ वाचली आणि एक शब्द सुचवला. डॉक्टरनं मान हलवली. हा आई घेणार नाही, म्हणाला. मी दुसरा सुचवला, तोही त्याला जड वाटला.

"मग काय घेतील?" गायकवाडनं विचारलं.

डॉक्टरनं डोळे मिटले. आम्ही वाट पाहत राहिलो.