चौकातला नमस्कार

कोणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी नक्शेवाले साहेब उदबत्ती पेटवायचे. देवघरापुढे नाही, संडासात, स्वयंपाकघरात, पलंगाखाली. मग धुराकडे टक लावून म्हणायचे, "हा कुठी जाऊन राह्यला, पाहा."

आमच्या भाड्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मागच्या खोलीत धूर जागीच घुटमळला. त्या ओलसर खोलीत माझी सून झोपायची आणि खोकून खोकून बेजार व्हायची. उशाशी भिंत बुरशीने काळी पडलेली.

"वहिनी, औषध सूनबाईले नाही, या भिंतीले पाह्यजे."

मला राग आला. माझ्या घराला नावं ठेवायचा हक्क फक्त माझा होता.

मध्य प्रदेशात, बालाघाटला आम्ही काही कुटुंबांनी मिळून प्लॉट घेतला होता. त्यावर परवडेल अशी तीन मजली बिल्डिंग उभी करायची होती, आणि तिचे आर्किटेक्ट हे. गावात सगळे त्यांना 'नक्शेवाले साहेब' म्हणत. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील : घर आपलं, पण काळजी त्यांना.

मी तेव्हा पन्नाशीची. स्वतःला फार मॉडर्न समजायची. नागपूरच्या बहिणीचा फ्लॅट पाहून आलेली : काचेच्या सरकत्या खिडक्या, चकचकीत फरशी, आणि भर दुपारी चारही खोल्यांत लाइट. मला ती श्रीमंती वाटली होती! आणि इथे हे गृहस्थ विटांना प्लास्टरसुद्धा करायला तयार नाहीत.

"साहेब, घर उघडंनागडं दिसते न!"

"वीट चांगली आहे, वहिनी. झाकाची काहून?"

खरी लढाई चौकावरून झाली. बिल्डिंगच्या मधोमध खालपासून आभाळापर्यंत त्यांनी मोकळी जागा सोडली होती. सगळ्यांची स्वयंपाकघरं तिच्याकडे उघडणारी. गरम हवा वरून निघून जाईल, खालून थंड येईल, पावसाचं पाणी मधल्या खड्ड्यात मुरेल, असा हिशेब. आमच्या लेखी ती फुकट गेलेली जागा होती. प्रत्येक मजल्यावर स्लॅब टाकून तिथे कोठीची खोली करावी, ही मागणी लावून धरणारी पुढारीण मीच. माझ्या तांदळाच्या कोठ्यांना जागा पाहिजे होती. सुनेच्या छातीचा विचार डोक्यात आलाच नाही.

"चौक बुजवला तर आतल्या खोल्यांत पुन्हा तीच भिंत, तीच बुरशी," ते सांगत. ऐकतो कोण?

चौकाचा निकाल लावायला सगळ्या कुटुंबांची मीटिंग ठरली. तिच्या आदल्या दिवशी सकाळी मी बांधकाम पाहायला गेले. नक्शेवाले साहेब चौकात एकटे उभे. मान खाली, दोन्ही हात जोडलेले, बोटांतून उदबत्तीचा धूर वर चाललेला. माझ्या अंगावर काटाच आला. वास्तुशास्त्राचं एक पुस्तक मी अर्धं वाचलं होतं, म्हणजे पूर्ण पंडिता झाले होते. मधली जागा म्हणजे ब्रह्मस्थान! यांनी तिथे देव बसवला! दुपारपर्यंत मी घरोघरी सांगून मोकळी झाले : त्या जागेवर स्लॅब टाकाल तर वंश बुडेल.

मीटिंगमध्ये सगळेच हात जोडून बसलेले. चौक राहू द्या, म्हणाले. साहेब चक्रावले. कारण कळलं तेव्हा उठून उभे राहिले.

"मी नमस्कार नाही केला, भाऊ. वारा होता, म्हणून काडीले हाताचा आडोसा धरला. हवा पाहून राह्यलो होतो. देवबिव काही नाही तिथं."

गप्प बसले असते तर जिंकलेच होते. खरं सांगून हातचा चौक घालवायला निघाला होता हा माणूस. पण सभेत कौतुकाची कुजबुज झाली, "किती साधा माणूस! केलेली पूजाही सांगत नाही."

वरचा मजला घेतलेले बौद्ध मास्तर तेवढे हसले. "देवाचं तुमचं तुम्ही पाहा, काकू. मले दिवसा उजेड पाह्यजे. माझं मत चौकालेच."

चौक राहिला. साहेब मात्र महिनाभर फुगून होते.

"मी हवेसाठी ठेवला, तुम्ही देवासाठी."

"हवा तर येऊन राह्यली न?"

"हौ," म्हणाले, आणि आणखी चहा मागितला.

नव्या घरात सून आता फारशी खोकत नाही. माझ्याशी एका दमात भांडते, यावरून काय ते समजा.

गेल्या उन्हाळ्यात साहेब वारले. बिल्डिंगच्या पोरांनी त्यांचा मोठा फोटो आणला, हार घातला, आणि चौकात नेमका विटांच्या जाळीवर टांगला. हवा आत यायची वाटच बंद. मी ओरडून तो उतरवायला लावला. म्हातारी देवाधर्माला मानत नाही, असं पोरं आता म्हणतात.

फोटो सध्या माझ्या कपाटात आहे, साड्यांवर. तिथे त्यांचा जीव गुदमरला असता. म्हणून दुपारी मी कपाटाचं दार थोडं उघडं ठेवते.