सूर्यभानच्या जीपचे दिवे

सूर्यभानला विजेच्या तारेचं भय होतं. गाडीवर पोट भरणारा माणूस आणि तारेला हात लावायला भितो, म्हणून पाथर्डीच्या स्टँडवर त्याची टिंगल व्हायची. पण उमेदीत तो नगरला आसाराम मिस्त्रीच्या गॅरेजात कामाला असताना तारेची ठिणगी पडून एका ट्रकची बॅटरी त्याच्या डोळ्यांदेखत फुटली होती आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा डोळा गेला होता. तेव्हापासून इंजिन म्हणा, ब्रेक म्हणा, सूर्यभान सगळं खोलून बसायचा. तारांचं काम निघालं की मात्र गाडी मिस्त्रीकडे. पुढं पाथर्डीच्या एका कापड दुकानदाराची जुनी जीप तो चालवू लागला, तरी हा नेम मोडला नाही.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली. नगरला लष्कराची छावणी, म्हणून अंधार पडला की आसपासच्या गावांतही दिवा दिसू द्यायचा नाही, असा हुकूम आला. मोटारींच्या दिव्यांच्या अर्ध्या काचेवर काळा रंग फासला. हेर लोक दिवे दाखवून विमानांना खुणा करतात, अशा वावड्या रोज उठत होत्या, आणि गावोगावची माणसं काठ्या घेऊन रस्त्यावर बसत होती.

अशात एका दुपारी बनुबाई नावाची म्हातारी दुकानापुढं येऊन उभी राहिली. मुलगा ऊसतोडीला गेलेला, आणि सून गोजरबाई सकाळपासून पोट धरून लोळत होती. डॉक्टरांनी अपेंडिक्स म्हणून सांगितलं होतं. आजच्या आज नगरला न्या, फुटलं तर हाती लागायची नाही. मालकानं जीप दिली. गोजरबाईला मागं गोधडीवर निजवून सूर्यभान निघाला, पण वाटेत टायर बसलं आणि करंजी घाट चढेपर्यंत दिवस बुडाला.

घाटमाथ्यावरच्या वस्तीपाशी सात-आठ जण आडवे आले. पुढं कारभारी नावाचा उंच गडी होता. दिवे बंद कर, म्हणाला. सूर्यभाननं खटका दाबला. दिवे तसेच. पुन्हा ओढला, पुन्हा दाबला. खटक्यामागून जळक्या रबराचा वास आला. त्यानं इंजिन बंद केलं, तरी दोन्ही दिवे समोरच्या बाभळींवर लख्ख पडलेले.

"व्हइनात बंद," तो म्हणाला.

कारभारीनं त्याला गचांडी धरून खाली ओढलं. कुणी तरी हेर म्हणालं, कुणी म्हणालं दिवे फोडा. एकानं दगड उचलला. ही माणसं आता आपल्याला मारणार आणि उद्या कुणी विचारणारही नाही, असं सूर्यभानला वाटलं.

बनुबाई खाली उतरली. अंगावरचं घोंगडं तिनं दोन्ही दिव्यांवर टाकलं आणि दगडवाल्यापुढं उभी राहिली.

"आधी मागं जाऊन माझी सून बघा. दिवं फोडल्यावर नगरापोतर गाडी काय माझ्या डोळ्यांनी चालनार हाय?"

कारभारी मागं जाऊन पाहून आला. त्याचा आवाज मवाळ झाला, पण घोंगडं जळायच्या आत दिवे गेले पाहिजेत, एवढं तो बोलला.

बॅटरी सोडवली असती तर दिवे गेले असते. पण मग हँडल मारूनही गाडी चालू झाली नसती. शिवाय बॅटरीजवळ जायचं सूर्यभानला धाडस नव्हतं. त्यानं पायाजवळचा डिपरचा खटका दाबून पाहिला. घोंगड्याखालचा उजेड खाली गेला, पुन्हा वर आला. म्हणजे डिपर शाबूत होता. बिघाड त्याच्या अलीकडं होता. एक तार डिपरमध्ये येते आणि तिथून दोन पुढं दिव्यांना जातात, हे त्यानं मिस्त्रीच्या हाताखाली शेकडो वेळा पाहिलं होतं. येणारी ती एक सुटली की झालं.

तो जीपमध्ये पालथा पडला. कारभारीनं धोतराच्या सोग्यात झाकून बॅटरी-टॉर्च धरली. तेवढ्या उजेडात सूर्यभानचा पेचकस स्क्रूवर बसेना. पेचकस निसटून पत्र्याला लागला आणि ठिणगी उडाली. तो डोळे गच्च मिटून तसाच पडून राहिला. लोकरीचा करपट वास यायला लागला होता. मग त्यानं डोळे न उघडताच बोटांनी स्क्रू चाचपला, फिरवला, आणि तार उपसली.

सगळीकडं काळोख झाला. बनुबाईनं पदराची चिंधी फाडून दिली, ती त्यानं तारेच्या टोकाला गुंडाळली. कारभारीनं हँडल मारून गाडी चालू केली आणि न सांगता तो वाट दाखवायला मडगार्डवर चढून बसला.

नगरपर्यंतची ती वाट बैलगाडीच्या चालीनं सरली. कारभारी "डावीकडं घे, उजवीकडं घे" एवढंच बोलत होता. मागून गोजरबाईचं कण्हणं येत होतं, ते मध्येच थांबलं. सूर्यभानला मागं वळून विचारायचा धीर होईना. काठ्या घेतलेल्या माणसांना तो जेवढा भ्याला नव्हता, तेवढा त्या शांततेला भ्याला.

नगरच्या दवाखान्यात उतरवली तेव्हा ती बेशुद्ध होती, पण जिवंत होती. त्याच रात्री तिचं ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवसांनी ती घरी आली. तोवर लढाईही संपली होती.

खटक्यामागच्या तारा वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या. मिस्त्रीनं त्या दाखवल्या, तेव्हा सूर्यभान लांब उभा राहून पाहत होता. त्याला आठवडाभर ताप आला. पुढं बनुबाई बाजारात भेटेल त्याला त्याच्या धाडसाची गोष्ट सांगू लागली की तो उठून चालता व्हायचा. आणि दिवस कलायला आला असेल, तर कितीतरी वर्षं तो नगरला घाटानं गेलाच नाही. शेवगावकडून वळसा घालून जायचा. मालक कारण विचारायचे. तो रस्ता खराब आहे म्हणायचा.