खोल गेलेली गोळी

दत्ताराम गेल्याचा फोन सुरेखाने केला, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू मागाहून आलं. चाळीस वर्षांच्या मित्राबद्दल असं लिहू नये, हे मला कळतं... पण तो असता तर म्हणाला असता, "सावंत, माप खरा लिव."

आम्ही सौदीतल्या यान्बूला एकाच कॅम्पात होतो. तेलाच्या पैशाने तेव्हा तिथे रोज नवी भिंत उभी राहायची. तो वर्कशॉपमध्ये टर्नर, मी स्टोअरकीपर. मोजमापाच्या बाबतीत हा कणकवलीचा माणूस भयंकर निर्दय. केसाइतका फरक पडला तरी तयार काम भंगारात फेकायचा. मला मेसमध्ये सगळ्यांदेखत 'अंदाजपंचे सावंत' म्हणायचा, आणि माणसं घास थांबवून हसायची. मीही हसायचो. आतून जळायचो.

आमच्या कफिलाला, म्हणजे आम्हाला व्हिसावर आणणाऱ्या अरब मालकाला, शिकारीचा नाद. आफ्रिकेत रानरेडे मारायला जायचं म्हणून त्याने नवी कोरी तीनशे पंचाहत्तरची रायफल आणली. त्याचा थोरला भाऊ म्हणाला, माझी जुनी नऊ पॉइंट तीन हिच्याहून सरस. पाहुण्यांसमोर पैज लागली, जिची गोळी खोल जाईल ती सरस. एका सकाळी वाळवंटात ओल्या फळ्यांची थप्पी रचून दोन्हींचे बार काढले. तसं पाहिलं तर दोन्ही गोळ्यांच्या जाडीत नखभरही फरक नव्हता. कफिलाच्या रायफलचं काडतूस मोठं, तिची गोळी वेगाने जायची, लांबवर कमी खाली यायची. निशाणाच्या कागदावर तीच जिंकली. पण फळ्यांत शिरल्यावर त्या वेगानेच ती लवकर चपटी होऊन अडकली, आणि भावाच्या बारक्या काडतुसाची हळू जाणारी गोळी पाच फळ्या पुढे पोचली. दत्तारामने फळ्या मोजत सोडवून दोन्ही गोळ्या काढल्या, व्हर्नियरने त्यांचंही माप घेतलं. आकडे मी टिपून घेतले.

त्याच आठवड्यात त्याला घरून तार आली होती. बायको बाळंतपणात अडली होती, ताबडतोब निघ. देश सोडायचा परवाना, म्हणजे खुरूज, कफिलाच्या सहीशिवाय मिळत नसे. मी पैज जिंकली की सही करतो, असं कफील हसत हसत म्हणाला होता.

दत्ताराम उठून उभा राहिला. "बड़ी वाली ज्यादा अंदर गई, साब." जन्मात पहिल्यांदा त्याने खोटं माप सांगितलं. कफील माझ्याकडे वळला, कारण अरबी बोलणारा मीच. नुसतं 'मोठी' म्हणायचं होतं. पण माझी रजा दोनदा नाकारलेली, आणि मेसमधलं ते हसणं कानात... मी कागद वर धरून खरे आकडे वाचले. मोठी सतरा फळ्या, बारकी बावीस. अरबी आकडे कॅम्पात सगळ्यांना समजायचे. दत्तारामलाही समजले. थोरला भाऊ टाळ्या वाजवायला लागला. "खलास," कफील म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

सही वीस दिवसांनी झाली. तोवर बायको गेली होती. मुलगी तेवढी जगली, तीच ही सुरेखा.

त्याने मला कधी जाब विचारला नाही. दोघेही देशात परतल्यावर दर अविधवा नवमीला, बायकोच्या श्राद्धाला, मात्र जेवायला बोलवायचा. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. जेवण झालं की एक पत्र्याची डबी आणायचा, त्यात त्या दोन गोळ्या आणि तो व्हर्नियर. "मोज." मी मोजायचो. "खंयची खोल गेली?" "बारकी." "बरोबर. सुरेखा, काकांका खीर वाढ." दरवर्षी हेच. बोलावणं टाळायची माझी हिंमत कधी झाली नाही.

नवरा गेला की ही नवमी बंद होते. परवा सुरेखा घरी आली आणि डबी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "काकानू, बाबा तुमका दरवर्षी ह्या कित्याक मोजूक लावीत? माका कधी सांगल्यानी नाय. जाताना इतक्याच म्हणाले, सावंत सांगतलो."

मी व्हर्नियर लावला. आकडे मला आता दिसत नाहीत, तिनेच वाचले. "बारकी खोल गेली होती," एवढंच मी म्हणालो. ती पुढचं ऐकायला थांबली. मी चहाचं विचारलं.

डबी इथे टेबलावर आहे. हे मी रविवारच्या पुरवणीला धाडतोय. सुरेखा ती न चुकता वाचते.