उदगीरच्या बरणीवरचा नाग

किमयागारांच्या जुन्या खुणांचं वेड मला लागलं, तेव्हा घरचे म्हणाले, "आता सोनं करणार का?" सोनं नाही, पण उदगीरच्या महादेवी आत्याकडे तिच्या वैद्य सासऱ्यांच्या औषधाच्या बरण्या आहेत हे आठवलं. रविवारी नांदेडहून एसटी धरली.

लोह्याला गाडी थांबते तेव्हा गरम भजी खाऊन घ्या, पुढे रस्ता आणि पोट दोन्ही त्रास देतात. मी आळस केला. आत्यानं ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढून भरपाई केली.

मग बरण्या माळ्यावरून खाली आल्या. झाकणांवर रंगवलेले सूर्य, चंद्र आणि फणा काढलेला नाग. मी हरखलेच. युरोपात सूर्य म्हणजे सोनं, आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्रात मात्र तांबं. चंद्र दोन्हीकडे चांदीच.

"आन् ही साप चावल्यावरची," आत्या नागाची बरणी पुसत म्हणाली. "रानातले समदे माझ्याकडंच येतेत. मागं एका बाईला चाटवलं, मग जीपनं दवाखान्यात नेलं. वाचली की."

रसशास्त्रात नाग म्हणजे शिसं. वासुकीपासून ते झालं अशी कथा आहे, म्हणून हे नाव. युरोपवाल्यांनी त्याला शनीची खूण दिली. आत्या साप चावलेल्यांना शिशाचं भस्म चाटवत होती.

सांगायचं कसं? आत्याचे यजमान गेल्यापासून तिला जो मान आहे, तो या बरणीमुळे. मला वाईट वाटत होतं, तरी सांगितलं.

"मामंजी खोटं चित्र काढतील व्हय?"

"त्यांनी बरोबरच काढलंय, आत्या. आपण चुकीचं वाचलं. आणि चाटवण्यात वेळ गेला तर माणूस हातचा जाईल."

तिनं बरणी उचलून आत नेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पाहून मी परतीची गाडी पकडली, तेव्हा स्टँडवर सोडायलाही आली नाही.

घरी खुणांचे फोटो सुरेख दिसत होते, पण बघावेसे वाटेनात. म्हाताऱ्या बाईचा आधार काढून घेतला, हेच मनात राहिलं होतं. मग एक दिवस तिचाच फोन आला.

"गडी आलता पळत, भावाला चावलं म्हणून. म्या म्हनलं, मामंजीचं औषध आता सरकारी दवाखान्यात ठिवलंय, तिथंच जा लौकर. जीप बी म्याच बोलावली."

"वाचला?"

"हाव. समदे म्हणायलेत, वैद्याच्या सुनेनं वाचवलं."

"खरंच आहे त्यांचं," मी म्हणाले.