डागी संत्रं वरच्या थरात

वत्सलाकाकू संत्र्याची पेटी भरायला बसली की चांगली फळं खाली रचायची आणि डागी, खडबडीत सालीची तेवढी वर ठेवायची. अशी उलटी पेटी भरणारं माणूस मी आमच्या सौंसरात दुसरं पाहिलं नाही. नातेवाइकांकडे पाठवायच्या पेट्याही ती अशाच भरायची. काका वैतागायचे. "अवं, पेटी उघडल्याबरोबर लोकं नाक मुरडतीन ना!"

"मुरडू द्या," काकू हात न थांबवता म्हणायची. "मंग खाली खाली त्यायचं मन सुधरत जाते. तुमच्या पेटीत वरून खुश अन् खाली शिव्या."

तिचं घर आमच्या घराला लागून होतं आणि बाग मोहगावच्या रस्त्याला. आईची ती लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. दोघींच्या घरांमधल्या कुंपणाला एक फट होती आणि तिच्यातून विरजणापासून सुनांच्या तक्रारींपर्यंत सगळं ये-जा करायचं. लग्नं जुळवायची काकूला भारी हौस. गावातल्या निम्म्या मुलींचे बायोडाटा तिच्या कपाटात असत आणि त्यांत 'सर्वगुणसंपन्न' असा शब्द दिसला की ती पेन घेऊन आधी तो खोडायची. "हे देव्हाऱ्यात बसवाचं काम हाय. संसाराले मानूस पाह्यजे," असं मुलीच्या बापाला तोंडावर सांगायची. आदर्श, उत्तम, एक नंबर, असले शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नाहीत. कुणाची सून देखणी असो, कुणाच्या मुलाला मोठी नोकरी लागो, सगळीकडे तिचा एकच शेरा: "निभते." तिच्याकडून 'निभते' ऐकायला मिळालं की समजावं, भरून पावलो.

मला लहानपणच्या दुखण्यानंतर डाव्या कानानं ऐकू येत नाही. आमच्या घरी ही गोष्ट कुजबुजतसुद्धा बोलली जात नसे. पाहुणे मुलगी पाहायला आले की आई माझी खुर्ची अशी मांडायची की डावा कान भिंतीकडे जाईल. माझं वय वाढत चाललं होतं, धाकटीचं लग्न अडलं होतं. आईला दोष तरी कसा द्यायचा?

पांढुर्ण्याचे एक कापडवाले मला पाहायला आले, तेव्हा स्थळ काकूनंच आणलं होतं. पोहे झाले, चहा आला, सगळं जमत आलं. मुलाची आई खुशीत म्हणाली, "पोरगी परफेक्ट हाय जी तुमची. कुठंच काही कमी नाई." आईचा चेहरा उजळला. आणि काकूनं बशी खाली ठेवली.

"परफेक्ट नाई," ती म्हणाली. "डाव्या कानानं तिले बिलकुल आयकू येत नाई. बाकी आता इचारा काय इचाराचं ते."

पाहुण्यांनी चहा संपवला, निरोप घेतला आणि नकार फोनवर कळवला. त्या संध्याकाळी आई कुंपणापाशी उभी राहून जे बोलली, ते मी आयुष्यात तिच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तुह्या पोरीले जल्मभर भितीले टेकवून बसवशीन काय?"

आईनं कुंपणाच्या फटीत पत्रा ठोकला. मीही खूप रडले. कान माझा होता आणि काकूनं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. त्यावर ती कधी "चुकलं" म्हणाली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता.

पुढच्या मोसमात तिनं रामाकोन्याचं स्थळ आणलं, तेही बाबांमार्फत, कारण आई तिच्याशी बोलत नव्हती. मुलगा, विलास, शाळेत मास्तर होते. कानाचं त्यांना आधीच सांगितलेलं होतं. ते आत आले, भिंतीला लागलेली माझी खुर्ची त्यांनी पाहिली आणि आपली खुर्ची स्वतः उचलून माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवली. "इकडून बोललो तर आयकू येते ना?" त्यांनी साध्या आवाजात विचारलं. माझ्या कानाबद्दल थेट माझ्याशी, आवाज न उतरवता बोलणारं ते पहिलं माणूस. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पदर डोळ्यांना लावून आत गेली.

लग्नात काकू आली, जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "निभते." आई तिला वाढत होती, पण मान वर न करता. दोघी पुढे कामापुरत्या बोलायला लागल्या. पत्रा मात्र तसाच राहिला. काढायचं दोघींच्या मनात असावं, पण आधी हात कोण लावणार?

या हिवाळ्यात काकू गेली. तेरवीला मी रामाकोन्याहून गेले, तर दारात मोठा फ्लेक्स लावलेला होता: आदर्श माता, आदर्श गृहिणी, सर्वगुणसंपन्न. फोटोतल्या काकूचा रंग उजळवला होता, सुरकुत्या पुसल्या होत्या आणि हनुवटीवरचा ठसठशीत मसही काढून टाकला होता. माणसं उठून बोलत होती. देवमाणूस म्हणत होती, साक्षात लक्ष्मी म्हणत होती. मी तो फोटो पाहत होते आणि मला काकू कुठेच सापडत नव्हती. मला फार एकटं वाटलं. आई मागच्या रांगेत कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

काकूच्या मुलानं मला म्हटलं, "ताई, तू बी बोल ना दोन शब्द." मी उभी राहिले आणि तोंडून आधी हेच निघालं: "काकूनं मला न विचारता माझा कान परक्या माणसांसमोर मांडला. ते तिचं चुकलं होतं आणि ते तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही."

काकूच्या मुलाची मान खाली गेली. मग मी पुढचं सांगत गेले. भिंतीचं, खुर्चीचं, रामाकोन्याचं. उलट्या भरलेल्या पेट्यांचं सांगताना लोक हसले आणि काका हसता हसता रडायला लागले.

मी खाली बसले तेव्हा आई मागच्या रांगेतून उठून आली. माझ्या उजव्या बाजूला बसली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आता ओयखू आली वत्सला."

घरी परतल्यावर तिनं बाबांकडे पकड मागितली आणि कुंपणाचा पत्रा काढला.